लेख दैवाचा, हात माणसाचा

परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव हे गाव रेणुकामातेच्या देवस्थानासाठी ओळखले जाते, आणि नवरात्रात आसपासच्या गावांतील कुटुंबे आपल्या कुळाची देवी म्हणून तिच्या दर्शनाला येतात. ज्या देवीला ही कुटुंबे आई म्हणून हाक मारतात, तिच्या पुराणकथेच्या गाभ्याशी मात्र मुलाने पित्याच्या आज्ञेवरून केलेला मातृवध आहे. अथेन्समध्ये इ.स.पू. ४५८ मध्ये एस्किलस या नाटककाराने रंगभूमीवर आणलेली 'ओरेस्टिया' ही नाट्यत्रयीदेखील पित्यासाठी आणि देवाच्या आज्ञेवरून केलेल्या मातृवधाभोवतीच उभी आहे. या दोन कथांमध्ये देवाणघेवाण झाल्याचा पुरावा नाही, आणि त्यांची तुलना करण्यासाठी तो असण्याची गरजही नाही. आज्ञा वरून आली असेल आणि शेवट आधीच ठरलेला असेल, तर घडलेले कृत्य नेमके कोणाचे मानायचे, हा एकच प्रश्न दोन्हीकडे सारख्याच निकडीने विचारला गेला आहे. ग्रीकांनी दैवाशी झुंज दिली आणि भारतीय मन प्रारब्धापुढे मान तुकवून बसले, असा एक समज शालेय पाठांपासून समीक्षेपर्यंत रुजलेला आहे. रेणुकेची कथा आणि तिच्याभोवती वाढलेले लोकाचार ग्रीक नाटकांशेजारी ठेवून वाचले, तर या समजाच्या दोन्ही बाजू टिकत नाहीत.

सुरुवात शब्दांपासून करणे इष्ट ठरते. ग्रीक भाषेत दैवाला 'मोइरा' म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ 'वाटा' असा आहे. मेजवानीत, लुटीत किंवा जमिनीत ज्याच्या त्याच्या वाट्याला जे येते ते मोइरा. मराठीतील 'भाग्य' हा शब्दही 'भागा'शी, म्हणजे वाट्याशीच जोडलेला आहे, आणि 'नशिबी येणे' याला 'वाट्याला येणे' हा प्रतिशब्द आजही सहज वापरला जातो. दैव म्हणजे माणसाला मिळालेला हिस्सा, असा हा अर्थ घेतला की त्या हिश्श्याचे पुढे काय करायचे हा प्रश्न माणसाकडेच उरतो. त्यासाठी इ.स.पू. ५ व्या शतकातील ग्रीकांजवळ 'इच्छास्वातंत्र्य' असा एक शब्द नव्हता. आपखुशीने केलेले ते 'हेकोन' आणि मनाविरुद्ध घडलेले ते 'आकोन', एवढाच भेद त्यांची भाषा करीत असे. मराठीतही 'इच्छास्वातंत्र्य' ही अर्वाचीन घडण आहे, जुना शब्द 'पुरुषकार', म्हणजे माणसाचा स्वतःचा प्रयत्न. कर्मविचारातील तीन संज्ञाही येथे ध्यानात घ्याव्या लागतात: साठलेल्या कर्मांचा ढीग ते संचित, त्यातून या जन्मी भोगायला निघालेला भाग ते प्रारब्ध, आणि आज हातून घडत असलेले ते क्रियमाण. प्रारब्धाचे नाव घेऊन या विचाराला दैववादी ठरवणारे बहुधा तिसरी संज्ञा विसरतात.

दैव लिहिले जाते ही कल्पना लोकाचारात सर्वांत ठळक दिसते ती सटवाईच्या पूजेत. बाळंतपणानंतर पाचव्या किंवा सहाव्या रात्री पाटा-वरवंटा मांडून त्याची पूजा करतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, दिवा रात्रभर तेवत ठेवतात, आणि सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचा लेख लिहून जाते असे मानतात. ग्रीक परंपरेत हेच काम तीन मोइरा बहिणी करतात. पहिली आयुष्याचा धागा कातते, दुसरी तो वाटून देते, तिसरी तोडते. मेलिएगर या वीराच्या कथेत तर त्या बाळाच्या सातव्या दिवशी घरी येतात आणि चुलीतले जळते लाकूड जोवर जळून संपत नाही तोवरच हे मूल जगेल असे सांगतात. त्याची आई अल्थिया ते लाकूड झटकन ओढून विझवते आणि पेटीत जपून ठेवते. पुढे त्याच मुलाने तिच्या भावांना मारल्यावर तीच आई पेटी उघडून ते लाकूड आपल्या हाताने विस्तवात टाकते. मोइरांनी लेख लिहिला खरा, पण लाकूड बाहेर काढणारा हात आईचा होता आणि ते पुन्हा आगीत घालणारा हातही तिचाच होता. एस्किलसने 'ओरेस्टिया'च्या दुसऱ्या नाटकात समूहगायकांच्या तोंडून अल्थियेची आठवण काढली आहे ती उगीच नव्हे. लेख आणि हात यांतले हे अंतर हाच ग्रीक शोकांतिकेचा मूळ विषय आहे.

ही शोकांतिका करमणुकीच्या व्यवहारातून निघाली नाही, तर एका देवाच्या उत्सवातून निघाली. दरवर्षी वसंतात अथेन्स नगर डायोनिसस या देवाचा मोठा उत्सव करीत असे, त्यात तीन नाटककार प्रत्येकी तीन शोकांतिका आणि एक हलके नाटक घेऊन स्पर्धेला उतरत, आणि अ‍ॅक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर उघड्या आकाशाखाली नगरवासी ती दिवसा पाहत. 'ट्रॅगोडिया' या शब्दाचा मूळ अर्थ 'बोकडाचे गाणे' असा आहे. आरंभी होता तो केवळ गाणारा-नाचणारा समूह, म्हणजे कोरस, परंपरेनुसार इ.स.पू. ५३४ च्या सुमारास थेस्पिस या माणसाने त्या समूहासमोर उभे राहून बोलायला सुरुवात केली आणि नट जन्माला आला. नटासाठी ग्रीकांनी वापरलेल्या शब्दाचा अर्थ 'उत्तर देणारा' असा लावला जातो.

रेणुकेच्या उपासनेतही कथा जिवंत ठेवण्याचे काम असाच एक विधी करतो, तो म्हणजे गोंधळ. लग्न किंवा मुंज यांसारखे मंगलकार्य पार पडले की कुळाच्या देवीचा गोंधळ घालण्याची चाल आहे, आणि तो घालणाऱ्या गोंधळ्यांमध्ये तुळजाभवानीचे ते कदमराई आणि रेणुकेचे ते रेणुराई असे दोन भेद आहेत. अंगणात पाटावर नवे वस्त्र अंथरून त्यावर तांदूळ किंवा गहू पसरतात, मधोमध पाण्याचा कलश, त्यावर विड्याची पाने आणि नारळ मांडतात, भोवती पाच उसांची किंवा ज्वारीच्या ताटांची खोपी बांधतात, आणि दिवटी पेटली की संबळ व तुणतुण्याच्या साथीने नायक ठिकठिकाणच्या दैवतांना नावे घेऊन गोंधळाला बोलावतो. स्तवने संपल्यावर उत्तररंगात आख्यान लागते. नायक कथा पुढे नेतो, साथीदार मध्येच प्रश्न विचारून त्याला अडवतो, आणि नायकाने उत्तर दिल्याखेरीज कथा हलत नाही. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या १२ व्या शतकातील संस्कृत ग्रंथात 'गोंडली' नावाच्या नृत्याचे वर्णन आहे आणि अभ्यासकांनी त्याचा संबंध गोंधळाशी जोडला आहे; म्हणजे या भूभागातली ही परंपरा किमान ८०० वर्षे मागे नेता येते. अथेन्समधला प्रेक्षक आणि गोंधळाला बसलेला श्रोता यांच्यात एक मोठे साम्य आहे: कथेचा शेवट दोघांनाही आधीच ठाऊक असतो. काय घडणार याची उत्सुकता संपलेली असल्यामुळे सारे लक्ष एकाच गोष्टीवर खिळते, ती म्हणजे ठरलेल्या शेवटाकडे जाताना माणूस कोणत्या क्षणी काय ठरवतो.

महाभारताच्या वनपर्वात आलेली रेणुकेची कथा या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. स्नानाला गेलेली रेणुका चित्ररथ राजाला आपल्या स्त्रियांसह जलक्रीडा करताना पाहते, तिचे मन क्षणभर चळते, आणि आश्रमात परतताच तिचा पती जमदग्नी ते ओळखतो. पाच मुलांपैकी रुमण्वान, सुषेण, वसू आणि विश्वावसू यांना तो क्रमाने आईचा वध करायला सांगतो. चौघेही सुन्न होऊन उभे राहतात, काही बोलत नाहीत, आणि पित्याच्या शापाने पशुपक्ष्यांसारखे जड होतात. शेवटी आलेला राम, म्हणजेच परशुराम, परशू उचलतो. या प्रसंगात दैवाचे नावही निघत नाही, पण पित्याची आज्ञा दैवासारखीच वरून कोसळते आणि दोन्ही वाटांवर अनर्थ मांडून ठेवते: पाळली तर आई जाते, मोडली तर स्वतःचे चैतन्य जाते. तरीही आज्ञा एकच असताना चौघांनी एक निवडले आणि पाचव्याने दुसरे, ही गोष्ट कथाकाराने मुद्दाम मांडली आहे. आज्ञेनेच सारे घडत असते तर पाच मुलांची गरजच नव्हती, एक पुरला असता.

एस्किलसने हाच पेच दोन वेळा उभा केला. ट्रॉयवर निघालेले आरमार ऑलिस बंदरात वाऱ्याने अडकले असता राजा अ‍ॅगॅमेम्नॉनला सांगण्यात येते की, आर्टेमिस देवीला त्याच्या मुलीचा, इफिजिनियाचा, बळी हवा आहे. आज्ञा मोडणे जड आणि लेकीला मारणेही जड, असे तो स्वतःच म्हणतो, आणि मग कोरस सांगतो की त्याने अनांकेचे, म्हणजे अटळ निकडीचे, जू आपल्या मानेवर चढवून घेतले. जू निकडीचे आहे, पण चढवणारा राजा आहे. शेतकरी वाचकाला या प्रतिमेतला फरक समजावून सांगावा लागणार नाही, कारण बैल स्वतः जू चढवून घेत नाही आणि माणूस घेतो. दहा वर्षांनी परतलेल्या राजाला त्याची पत्नी क्लायटेम्नेस्ट्रा ठार करते आणि हे काम आपले नव्हे, या घराण्यामागे लागलेल्या सूड घेणाऱ्या शक्तीचे आहे, असा दावा करते. त्यावर कोरस तिला विचारतो की तू निर्दोष आहेस याची साक्ष कोण देणार, आणि पुढे म्हणतो की ती शक्ती फार तर तुझी साथीदार असेल. ग्रीक शोकांतिकेचे सारे तत्त्वज्ञान या उत्तरात सामावले आहे: दैव माणसाच्या कृत्यात भागीदार असते, पण भागीदारामुळे मूळ मालकाचे देणे फिटत नाही.

दुसरा प्रसंग अ‍ॅगॅमेम्नॉन आणि क्लायटेम्नेस्ट्रा यांच्या मुलाचा, ओरेस्टीसचा. पित्याचा सूड घे, असे अपोलो देवाने त्याला बजावले आहे, परंतु आई छाती उघडी करून आपण पाजलेल्या दुधाची आठवण देते तेव्हा त्याचा हात थांबतो आणि तो मित्र पायलेडीसकडे वळून काय करू म्हणून विचारतो. त्या नाटकात आतापर्यंत एक शब्दही न बोललेला पायलेडीस अवघ्या तीन ओळींत देवाच्या आज्ञेची आठवण करून देतो आणि पुन्हा गप्प होतो. जीव वाचवू पाहणारी आई म्हणते की घडलेल्या गोष्टीत मोइरेचाही वाटा होता. मुलगा उत्तर देतो की तसे असेल तर आता येणारे मरणही मोइरेनेच आणले आहे. दैवाची ढाल दोघेही पुढे करतात आणि ती दोघांच्याही कामी येत नाही, कारण क्षणभर थांबलेला तो हात प्रेक्षकांनी पाहिलेला असतो. जो हात थांबू शकतो, तो पुन्हा चालतो तेव्हा त्याचा जाब त्याच्या धन्यालाच द्यावा लागतो.

सोफोक्लीज या ग्रीक नाटककाराच्या ईडिपसचे उदाहरण दैववादाचा कळस म्हणून दिले जाते. हा मुलगा पित्याला मारील आणि आईशी लग्न करील असे भाकीत असते, ते टाळण्यासाठी तो कॉरिन्थ सोडतो आणि त्याच वाटेवर भाकीत खरे होते. मात्र इ.स.पू. ४२९ च्या सुमारास रचले गेले असे मानले जाणारे हे नाटक सुरू होते तेव्हा हे सारे घडून गेलेले असते. रंगभूमीवर दिसतो तो ईडिपसने चालवलेला तपास, आणि तो थांबवण्याची विनवणी टायरेसियस हा द्रष्टा करतो, राणी योकास्टा करते, म्हातारा धनगरही करतो. तपास पुरा कर असे कोणत्याही भाकिताने सांगितले नव्हते; ई. आर. डॉड्स या अभ्यासकाने १९६६ मध्ये हा मुद्दा ठामपणे मांडला. डोळे फोडून घेतलेला ईडिपस शेवटी सांगतो की हे दुःख अपोलोने आणले, पण वार करणारा हात मात्र कोणा दुसऱ्याचा नव्हता. अ‍ॅरिस्टॉटलने काव्यशास्त्रावरील आपल्या ग्रंथात अशा नायकाच्या पतनाला 'हमार्शिया' कारण होते असे म्हटले. त्याचा शब्दार्थ नेम चुकणे असा असून त्याचा 'पाप' हा अर्थ घेतल्याने बराच घोटाळा झाला आहे. मराठी वाचकाला हा ग्रंथ विंदा करंदीकरांनी १९५७ मध्ये 'अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र' या नावाने दिला, आणि पु. ल. देशपांड्यांनी १९७९ मध्ये 'राजा ओयदिपौस' लिहून हे नाटक मराठीत आणले.

येथवर दोन्ही परंपरा एकाच वाटेने चालतात. कृत्याचा दोष कसा फेडायचा, या वळणावर मात्र त्या वेगळ्या होतात. एस्किलसने उत्तर शोधले ते न्यायालयात. आईच्या रक्ताचा सूड घेणाऱ्या एरिनीज देवता ओरेस्टीसच्या मागे लागतात, आणि अथेना देवी अथेन्सच्या अ‍ॅरिओपॅगस टेकडीवर नागरिकांचे न्यायमंडळ बसवून खटला चालवते. या मंडळाचे बहुतेक अधिकार इ.स.पू. ४६२ च्या सुमारास काढून घेण्यात आले होते आणि मनुष्यवधाचे खटले तेवढे त्याच्याकडे उरले होते, त्यामुळे चार वर्षांनी हे दृश्य पाहणाऱ्या प्रेक्षकांना ते आपल्याच नगराचे वर्तमान वाटले असणार. तेथे अपोलो युक्तिवाद करतो की आई ही खरी जन्मदाती नव्हेच, ती पेरलेल्या बीजाला नुसते सांभाळते, खरा जन्मदाता पेरणारा. बीज श्रेष्ठ की क्षेत्र, म्हणजे शेत, हा वाद मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातही आहे. अपोलोचा हा युक्तिवाद सर्वांना पटला नाही हे नाटकातच दिसते, कारण मते समसमान पडतात आणि अथेनेच्या मतामुळे आरोपी सुटतो. मग अथेना त्या संतप्त देवतांची समजूत काढते, त्यांना नगरात स्थान देते, आणि नाटक संपते ते मशालींच्या उजेडात त्यांना वाजतगाजत नेणाऱ्या मिरवणुकीने.

रेणुकेच्या कथेत खटला नाही, वर आहे. प्रसन्न झालेल्या पित्याकडे परशुराम सर्वांत आधी आई जिवंत व्हावी हे मागतो, तिला वधाची आठवण राहू नये, आपल्याला पाप लागू नये आणि भाऊ पूर्ववत व्हावेत हे मागतो, आणि युद्धातले अजिंक्यपण व दीर्घायुष्य त्यानंतर मागतो. ज्या मुलाने आज्ञा पाळली तोच ती पुसून टाकण्याची मागणी करतो, म्हणजे परशू उचलताना त्याला आपण काय करतो आहोत याची पुरती जाण होती. तरीही सारे पुसले जात नाही, हे माहूरची परंपरा सांगते. पुढे शत्रूंच्या हातून जमदग्नीचा वध झाल्यावर कावडीच्या एका बाजूला पित्याचा देह आणि दुसऱ्या बाजूला आई घेऊन परशुराम माहूरला येतो, दत्तात्रेयांच्या सांगण्यावरून अंत्यविधी करतो, रेणुका सती जाते, आणि शोक करणाऱ्या मुलाला आकाशवाणी होते की आई भूमीतून प्रकट होईल, पण मागे वळून पाहू नकोस. तो अधीर होऊन वळतो, आणि तोवर केवळ मुख जमिनीवर आलेले असते. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेल्या माहुरात देवीचा तांदळा, म्हणजे केवळ मुखाच्या रूपातील स्वयंभू पाषाण, पूजला जातो तो या कथेमुळे. परत मिळालेली आई पुन्हा अपुरी राहते ती दैवामुळे नव्हे, मुलाच्या उतावीळ मायेमुळे; एवढ्या मोठ्या देवतेचे रूप माणसाच्या एका वळण्यावर अवलंबून ठेवणाऱ्या परंपरेला दैवशरण म्हणणे कठीण आहे.

गोंधळाच्या उगमाची कथाही याच कुळातली आहे. परशुरामाने बेटासुर दैत्याला मारले, त्याच्या शिराला तंतू ओवून वाद्य केले आणि ते वाजवीत रेणुकेला वंदन केले, त्यातून गोंधळ सुरू झाला असे मानतात. आईवर परशू चालवणारा हात आईसमोर वाद्य वाजवतो, हे रूपांतर एरिनीजच्या मिरवणुकीइतकेच अर्थपूर्ण आहे; तेथील मशालीच्या जागी येथे दिवटी आहे, आणि नगराच्या जागी घराचे अंगण आहे.

मन चळल्याबद्दल रेणुकेला शीर द्यावे लागले, हे लोकमनाला मात्र शेवटपर्यंत बोचत राहिले असावे, असे गोंधळातल्या एका आख्यानावरून वाटते. परभणीचे ख्यातनाम गोंधळी राजारामभाऊ कदम यांच्या नावाशी जोडले गेलेले आणि पुढे शाहीर विठ्ठल उमप यांनी रंगमंचावर गाजवलेले हे जांभूळ आख्यान द्रौपदीचे आहे. पाच पती असताना तिचे मन कर्णाकडे ओढले जाते. ते ओळखून कृष्ण एकच फळ असलेले जांभळाचे झाड उभे करतो, भीम ते फळ तोडतो, आणि सर्वांनी मनातले खरे सांगितले तरच ते देठाला पुन्हा जोडले जाईल अशी अट पडते. द्रौपदी भरल्या सभेत नव्हे पण आपल्या माणसांपुढे कर्णाचे नाव घेते आणि फळ जागेवर जाऊन बसते. मनाचे चळणे हे येथेही प्रारब्धासारखे न मागता आले आहे, पण आता शीर मागितले जात नाही, सत्य मागितले जाते, आणि ते देणे स्त्रीच्या स्वतःच्या हाती ठेवलेले आहे. ईडिपसने सत्यासाठी जे केले तेच द्रौपदी येथे करते. त्याला सत्याने उद्ध्वस्त केले, तिला सत्याने सावरले.

महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना विचारतो की दैव मोठे की पुरुषकार, आणि जुन्या संवादाच्या आधारे मिळणारे उत्तर असे की दैव हे बीज आहे आणि माणसाचा प्रयत्न हे क्षेत्र आहे. शेताशिवाय बी उगवत नाही, दोहोंच्या मेळातूनच पीक येते. अपोलोने बीजाला सर्वस्व आणि शेताला नुसती जागा ठरवले होते, आणि त्याच प्रतिमेचा येथे उलट निवाडा झाला आहे. राणीसावरगावच्या परिसरातील घरांत नवरात्रात घट बसतो तेव्हा हा निवाडा कोणी ग्रंथातून वाचून दाखवत नाही. रानातली काळी माती परडीत किंवा पत्रावळीवर पसरली जाते, तीत धान्य पेरून मध्ये पाण्याचा घट ठेवला जातो, रोज एक माळ चढते, आणि दसऱ्याला वितभर वाढलेले पिवळसर धान पुरुष टोपीत आणि बायका केसांत खोवतात. कोणत्या दाण्याला कोंब फुटेल हे पेरणाऱ्याच्या हाती नसते. माती चाळणे, पाणी घालणे आणि नऊ दिवस दिवा विझू न देणे हे मात्र त्याच्याच हाती असते, आणि तेवढ्याचाच जाब घरातली वडीलधारी माणसे त्याला विचारतात.